टॅब आले, ताई गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या गुरुवारी आमचा एक फोटो निघाला. मागे बॅनर, पुढे सहा जणांनी मिळून धरलेला टेबलाएवढा धनादेश, त्यावर ठळक अक्षरांत ३ लाख ६० हजार रुपये. डावीकडून तिसरा, पांढऱ्या केसांचा, तो मी. एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सगळे सीएसआर म्हणतात त्यातून, वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासिकेला २४ टॅब दिले, अशी तीन ओळींची बातमी त्या फोटोबरोबर वर्तमानपत्रांकडे गेली आहे. आपल्या टेबलावरही ती आली असेल. बातमीत खोटं काही नाही. पण फोटो निघाला त्या दिवशी ती अभ्यासिका सहा आठवडे जवळजवळ बंद होती, हे त्या तीन ओळींत नाही. ते सांगण्यासाठी हे पत्र.

लिहिण्याआधी मी कंपनीच्या अधिकारी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "काका, लिहा. नाव तेवढं नको." म्हणून कंपनीचं नाव नाही आणि आमच्या संस्थेचंही नाही. त्या बाईंबद्दल माझ्या मनात राग नाही, हेही आधीच सांगतो. उन्हात दोनदा वस्तीत येऊन गेलेल्या त्या एकट्याच.

मी हिशेबाचा माणूस. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात ३१ वर्षं काढली, २०१९ मध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून या छोट्या संस्थेचा जमाखर्च लिहितो. आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं आहोत. इसासनीच्या पुढे एका वस्तीत समाजमंदिराची एक खोली आणि बाहेरचा ओटा, एवढी आमची जागा. संध्याकाळी साडेचार ते सात, दुसरी ते सातवीची मुलं येतात. आईबाप कंपन्यांत ठेकेदाराकडे, बांधकामावर, ट्रक भरायला जातात. बरेचसे गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेले. मुलं जातात मराठी शाळेत, घरी बोलतात पोवारी नाहीतर हिंदी.

या अभ्यासिकेत दोन ताया शिकवायच्या. एक दिवाळीत सोडून गेली. दुसरीने ३१ जानेवारीला हजेरीपट आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. ती तिरोड्याकडची. पोवारी तिची घरची भाषा, बारावीनंतर डी.एड. केलेलं. पाच वर्षं होती आमच्याकडे. तिचं काम काय होतं ते एका प्रसंगाने सांगतो, कारण कुठल्याही प्रस्तावाच्या रकान्यात ते मला आजवर लिहिता आलेलं नाही.

चौथीतला एक मुलगा धडा वाचत होता. अडखळत नव्हता, अगदी सरळ वाचत होता. "राजाने त्याला कठोर शिक्षा दिली." मी बाजूलाच बसलो होतो, मला वाटलं छान वाचतो पोरगा. ताईने त्याला थांबवून विचारलं, राजानं काय केलं रे? तो म्हणाला, "त्याले शाळेत टाकलं." घरी हिंदी ऐकणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणजे शिक्षणच. अख्खी गोष्ट त्याने उलटी समजून घेतली होती आणि वाचन मात्र स्वच्छ होतं. त्या दिवशी ताईने फळ्यावर असे शब्द मांडले, जे हिंदीत एक आणि मराठीत दुसरंच सांगतात, आणि मुलांनी घरून आणखी शोधून आणले. शाळेत पन्नास मुलांच्या वर्गात हे कोणाच्या लक्षात आलं असतं? तपासणीला आलेला अधिकारीही "वाचता येते" या रकान्यात खूण करून गेला असता. टॅबमध्ये गोष्टी आहेत, चित्रं आहेत, आवाजही गोड आहे. पण राजानं काय केलं रे, हे विचारून मुलाच्या तोंडाकडे बघणारं त्यात कोणी नाही.

या ताईला आम्ही महिन्याला साडेसात हजार रुपये देत होतो. तेही कधी पाच तारखेला, कधी वीस तारखेला, देणगी जमेल तसे. बुटीबोरीत पॅकिंगच्या कामावर तिला तेरा हजार मिळतात आणि कंपनीची बस घराजवळून नेते. ती गेली यात तिचं काही चुकलं नाही. ती निघाली तेव्हा पटावर ३८ मुलं होती. आता आमच्यातले एक निवृत्त सद्गृहस्थ जमेल तसे बसतात, येतात ११.

आता त्या ३ लाख ६० हजारांचा हिशेब. सप्टेंबरमध्ये आम्ही कंपनीकडे अर्ज केला होता तो नेमका याच रकमेचा. दोन ताया, प्रत्येकी साडेसात हजार, वर्षाचे १ लाख ८० हजार, दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार. डिसेंबरमध्ये कळलं की रक्कम मंजूर झाली. आम्ही सगळे त्या संध्याकाळी आनंदात घरी गेलो. जानेवारीत पत्र आलं, "साहित्य स्वरूपात". टॅबचे २४ नग, प्रत्येकी १५ हजार. आकडा तोच, पै इकडची तिकडे नाही. मी मुख्य कार्यालयाला ई-मेल केला, स्वतः जाऊन भेटलो. उत्तर मिळालं, मानधन हा ओव्हरहेड, म्हणजे कारभाराचा वरखर्च, धरला जातो आणि कायद्याने ओव्हरहेड पाच टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही.

हे उत्तर नागपुरातल्या बऱ्याच छोट्या संस्थांनी ऐकलं असेल. कंपन्यांच्या हिशेब खात्यांतली माणसंही ते मनापासून खरं मानतात. म्हणून नियम काय आहे ते जरा तपशिलात लिहितो.

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटी, किंवा उलाढाल १ हजार कोटी, किंवा नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) ५०० कोटी किंवा त्याहून जास्त असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करायची. पाच टक्क्यांची मर्यादा नियमांत आहे, पण ती कशावर? कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाचा जो सर्वसाधारण कारभार चालतो, त्याच्या खर्चावर. एखादा प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला, त्याच्यावर देखरेख ठेवायला लागणारा खर्च त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रश्नोत्तरांचं परिपत्रक काढलं, त्याचा क्रमांक १४/२०२१. त्यात उदाहरणच शिक्षकांचं घेतलं आहे. शिक्षणाच्या प्रकल्पात शिक्षकांचा आणि इतर कर्मचाऱ्यांचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च धरायचा, असं त्यात सांगितलं आहे. म्हणजे ताईचं मानधन पाच टक्क्यांत येतच नाही. कायद्याच्या नजरेत टॅब जसा प्रकल्पाचा खर्च, तशीच ताई.

मी त्या परिपत्रकाची झेरॉक्स काढली, ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि अधिकारी बाईंसमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचलं, मोबाइलवर फोटो काढला, मुंबईला पाठवला. आठवड्याने उत्तर आलं की कायद्यात बसत असलं तरी कंपनीच्या धोरणात बसत नाही, धोरण बदलायचं तर संचालक मंडळाची सीएसआर समिती बसावी लागेल, ती आता पुढच्या आर्थिक वर्षात. आणि टॅबची ऑर्डर गेलेली होती.

इथे मला स्वतःबद्दलही लिहिलं पाहिजे. २०१४ नंतर पाच वर्षं मी याच यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो. आमच्या कारखान्याचा नफा मर्यादेच्या वर होता, त्यामुळे दोन टक्के लागू झाले. वर्षभर त्या रकमेकडे कोणी बघायचं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी साहेब विचारायचे, किती उरले? आणि मग मी, होय मीच, असे पुरवठादार शोधायचो की जे २५ मार्चच्या आत माल आणि बिल दोन्ही देतील. दप्तरं हा सर्वांत सोपा माल. इतवारीत फोन केला की तीन दिवसांत तीनशे दप्तरं छापील नावासकट तयार. बिल एक, पावती एक, फोटो एक, फाइल बंद. ऑडिटरनेही कधी हरकत घेतली नाही. एका वर्षी आम्ही दप्तरं दिलेल्या शाळेत मी चार महिन्यांनी सहज गेलो. पाचवीच्या एका मुलीकडे तीन दप्तरं होती, तीन कंपन्यांची. घरी एकात तांदूळ ठेवतात, असं तिने सांगितलं. त्या शाळेत दोन वर्गांना मिळून एक शिक्षक होता. मी परत येऊन हे साहेबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

शिवाय आता मार्चची भीती वाढली आहे. जानेवारी २०२१ पासून रक्कम खर्चली नाही आणि कायद्याने ठरवून दिलेल्या सरकारी निधीतही भरली नाही, तर कंपनीला त्या रकमेच्या दुप्पट किंवा एक कोटी, यातलं जे कमी असेल तेवढा दंड आहे. अधिकाऱ्यालाही वेगळा दंड आहे. तेव्हा ३१ मार्चच्या आत जे विकत घेता येतं ते घेतलं जातं. टॅब, दप्तरं, बाकं, पाण्याची मशीन. शिक्षक मार्चमध्ये एकरकमी विकत मिळत नाही. त्याला महिन्यामहिन्याला पैसे द्यावे लागतात, आणि तेवढा वेळ फाइलकडे नसतो.

विदर्भात तर हे आणखीच विपरीत. उन्हामुळे आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा. मार्च म्हणजे आमच्याकडे वर्ष संपायची वेळ, एप्रिलमध्ये परीक्षा, मग पंचेचाळीस अंशांत वस्ती निम्मी रिकामी होते, लोक गावाकडे जातात. मार्चमध्ये आलेली वस्तू मुलांच्या हातात पडते जुलैत. टॅबच्या वॉरंटीचे चार महिने कपाटात जातील, आणि वॉरंटी एकच वर्षाची आहे.

पण याच २०२१ च्या नियमांत दुसरी एक सोय आहे, जिचा उल्लेख मी एकाही बैठकीत ऐकला नाही. कंपनीने एखादं काम बहुवर्षीय म्हणून, चालू प्रकल्प म्हणून, मंजूर केलं तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतं. त्याची न खर्चलेली रक्कम ३० एप्रिलपर्यंत बँकेत वेगळ्या सीएसआर खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत खर्च करायची. दंड नाही, धावपळ नाही. दोन तायांचं तीन वर्षांचं मानधन या सोयीत सरळ बसतं. दर महिन्याला खात्यातून रक्कम जाईल, दर तिमाहीला अहवाल येईल. मी लेखा विभागात असताना अशी सोय हाताशी असती तर मी ती वापरली असती, असं मला आज वाटतं. निदान साहेबांसमोर मांडली तरी असती.

वस्तूंचं पुढे काय होतं, तेही बघितलं आहे. हिंगणा तालुक्यातल्या एका शाळेत भिंतीवर मोठा डिजिटल फळा आहे, कंपनीने दिलेला. मी गेलो तेव्हा त्यावर टेबलक्लॉथ टाकलेला होता. विजेचं बिल थकल्यामुळे मीटर काढून नेलं होतं. त्याच शाळेच्या व्हरांड्यात आरओची मशीन, त्यावर कंपनीचं नाव अजून चकचकीत, आणि मुलं बाजूच्या हातपंपावर पाणी पितात, कारण फिल्टर बदलायचे पैसे कोणाकडे नाहीत. मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "सर, देणारे एकदा येतात. बिल दर महिन्याला येते." नियमाप्रमाणे अशी वस्तू कंपनीच्या नावावर राहू शकत नाही; ती सार्वजनिक यंत्रणेच्या, नोंदणीकृत संस्थेच्या किंवा लाभार्थ्यांच्या गटाच्या मालकीची व्हावी लागते. हे योग्यच आहे. पण मालकीबरोबर देखभालही पूर्णपणे शाळेच्या गळ्यात पडते, आणि त्या खर्चाची तरतूद देणाऱ्याच्या कागदावर नसते, घेणाऱ्याच्याही नसते.

डिसेंबरमधला एक दिवस आठवतो. दुसऱ्याच एका कंपनीचे वीस-बावीस कर्मचारी शनिवारी भिंत रंगवायला आले होते. चांगली मुलंमुली होती, मनापासून रंगवलं. शेवटी फोटोसाठी आमच्या मुलांना टोप्या दिल्या. टोप्या पंचवीसच आणल्या होत्या, म्हणून पहिल्या गटाचा फोटो झाल्यावर त्या काढून दुसऱ्या गटाला घालायला लावल्या. मग एका पोराने ताईला विचारलं, "ताई, टोपी परत द्याची काय?" ताईने त्याच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाली, राहू दे. आणि त्या साहेबांना तिने सरळ सांगितलं की दिलेलं परत घ्यायचं नाही. आमच्यापैकी कोणाच्या तोंडून ते आलं नाही. साडेसात हजार घेणाऱ्या मुलीच्या तोंडून आलं.

पैसा कमी आहे असंही नाही. देशभरात २०१४-१५ मध्ये कंपन्यांनी या कायद्याखाली सुमारे १० हजार कोटी रुपये खर्च केले होते. २०२२-२३ मध्ये तो आकडा ३० हजार कोटींच्या जवळ गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा शिक्षणाचा, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला. कायदा असंही सांगतो की कंपनीने आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावं. बुटीबोरी, हिंगणा, मिहान, उमरेडच्या कोळसा खाणी, कोराडी-खापरखेड्याची वीजकेंद्रं: धूर, धूळ, राख, ट्रक सगळं आमच्या भागात. निर्णय मात्र बहुतेक वेळा मुंबईत नाहीतर दिल्लीत होतो. तिथे बसलेल्या माणसाला इसासनी नकाशावर शोधावी लागते. त्याला टॅबचा नग मोजता येतो, म्हणून तो टॅब देतो.

राज्य सरकारने २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली. पाच किंवा दहा वर्षांसाठी शाळा दत्तक घ्यायची, काही काळ देणगीदाराचं नावही शाळेला लागू शकेल. मुदत मोठी आहे ही त्यातली जमेची बाजू. पण तिथेही रोख रक्कम द्यायची नाही, वस्तू किंवा सेवा द्यायची. माझी विनंती एवढीच की या "सेवा" शब्दात माणूस बसू द्या. तीन-चार शाळांना मिळून एक वाचन शिकवणारी ताई, एक संगणक दुरुस्त करणारा मुलगा, हीसुद्धा सेवाच आहे.

आपल्या नागपूरला देणगी म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही. अमरावती रोडवरून जाताना लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट दिसते, जी आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. कामठीचे मँगनीज खाणींचे मालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात नागपूर विद्यापीठासाठी ठेवलेल्या संपत्तीतून ती उभी राहिली, १९४२ मध्ये. देणारा माणूस ती बघायला नव्हता. फीत कापायला तो नव्हता आणि रक्कम कुठल्या ३१ मार्चच्या आत संपवायची घाईही नव्हती. शिक्षक आले, प्रयोगशाळा चालल्या, पिढ्यान्पिढ्या रसायन अभियंते बाहेर पडले, आणि त्यातले कित्येक याच हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांत साहेब झाले. आमच्या कारखान्यातल्या तीन व्यवस्थापकांपैकी दोन तिथले होते. आज सीएसआरच्या फायलींवर सही करणाऱ्यांतही तिथले कोणी असतील. त्यांना माझं हे पत्र दिसावं अशी इच्छा आहे.

कंपन्यांच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे आणि ती लपवणं बरोबर होणार नाही. मानधनाच्या नावाखाली चोऱ्या होतात. कागदावर चार शिक्षक, वर्गात एक. संस्थाचालकाची सून शिक्षिका म्हणून दाखवलेली. सही पाच हजारांवर आणि हातात तीन. मी हिशेबाचा माणूस आहे, हे प्रकार मी जवळून बघितले आहेत. टॅबची चोरी मोजता येते, हजेरीची चटकन पकडता येत नाही, म्हणून कंपनी घाबरते. पण याला उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. मानधन संस्थेच्या हातून रोख न जाता थेट ताईच्या बँक खात्यात जावं. मुलांची यादी कंपनीकडे असावी. कंपनीच्या माणसाने न सांगता, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी यावं आणि कुठल्याही पाच मुलांना एक परिच्छेद वाचायला लावून त्याचा अर्थ विचारावा. दर तीन महिन्यांनी हे केलं तरी खऱ्याखोट्याचा निकाल लागतो. आम्ही हे प्रस्तावात लिहून दिलं होतं.

आमच्याकडून काय अपुरं पडलं तेही सांगतो. आमचे एक विश्वस्त वारले, त्यांच्या जागी नवीन नाव घेतल्याचा फेरफार अहवाल आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे उशिरा दाखल केला. त्यामुळे बँकेतली नावं आणि नोंदणीची नावं जुळेनात आणि मागच्या वर्षीची एक मंजुरी आमच्या हातून गेली. आयकर सवलतीच्या बारा-ए, ऐंशी-जी नोंदण्या, सीएसआरचे पैसे घेण्यासाठी सीएसआर-१ ची नोंदणी, सरकारच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, प्रत्येक रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र. एवढं सगळं संध्याकाळी पोरांना गणित शिकवणाऱ्या माणसांना सांभाळावं लागतं. मी आहे म्हणून आमचं बरं चाललं आहे. माझ्यासारखा कोणी नसलेल्या संस्था या शहरात पुष्कळ आहेत. नागपुरात इतके सीए आहेत, त्यांच्यापैकी काहींनी महिन्यातून एक शनिवार अशा दोन-दोन संस्थांना दिला तर त्यांची अर्धी वणवण थांबेल. सर्वांत मोठी चूक मात्र अशी की आम्ही पाच वर्षं ताईला साडेसात हजारच देत राहिलो आणि त्याला सेवाभाव म्हणत राहिलो. सेवा आम्ही करत होतो, आमची पेन्शन चालू होती. तिला घरभाडं भरायचं होतं.

परवा संध्याकाळी मी तिला भेटायला गेलो. कंपनीच्या बसमधून उतरली, हाताला पॅकिंगच्या टेपचे काप पडलेले. तिने पहिलं विचारलं ते त्या शिक्षावाल्या मुलाबद्दल, येतो का म्हणून. येत नाही, मी सांगितलं. मग म्हणाली, "सर, जूनपासून परत येईन. पगार थोडा कमी असला तरी चालेल, पण वर्षभराचं पक्कं सांगा. मागच्या खेपेस दर महिन्याला तुम्ही बघू म्हणत होता."

तिला या वेळी निदान दहा हजार द्यायचे आणि पाच तारखेच्या आत द्यायचे, असा ठराव आम्ही रविवारी केला आहे. आमच्या ओळखीतल्या १४ निवृत्त मंडळींनी दरमहा ५०० रुपये कबूल केले, ते होतात ७ हजार. महिन्याला ३ हजार कमी पडतात, वर्षाला ३६ हजार. दुसरी ताई ठेवायची तर आणखी १ लाख २० हजार. कंपनीची सीएसआर समिती एप्रिलनंतर कधीतरी बसेल, तिच्यासाठी मी नवा प्रस्ताव तयार केला आहे आणि परिपत्रकाची झेरॉक्स पुन्हा जोडली आहे. शाळा उघडायला तीन महिने आहेत. ताईला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त लेखापाल
त्रिमूर्तीनगर, नागपूर
१५ मार्च